तंत्रज्ञ येण्याआधीच दिलेला ओटीपी

दिवाळीआधीच्या सेलमध्ये मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून २७ इंची मॉनिटर १५,९९९ रुपयांना मागवला. सांगलीत घरूनच जीएसटीची विवरणपत्रे भरून देण्याचे माझे काम आहे आणि दिवसाचे आठ-नऊ तास आकड्यांच्या रांगा वाचण्यात जातात, त्यामुळे ही खरेदी हौसेची नव्हती. सदोष निघालेला हा मॉनिटर बदलून घेताना माझी एकदा फसवणूक झाली आणि दुसऱ्यांदा ती थोडक्यात टळली. घरी येणाऱ्या तंत्रज्ञावर आणि वस्तू पोहोचवणाऱ्या मुलावर आपण सहज विश्वास ठेवतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सहाव्या दिवशी सकाळी पडद्याच्या डाव्या कडेपासून साधारण वीतभर अंतरावर केसासारखी बारीक हिरवी रेघ उमटली. ती वरपासून खालपर्यंत अखंड होती आणि तिच्याखाली आलेला आकडा ३ आहे की ८, हे पुन्हा पुन्हा निरखून पाहावे लागत होते. मी एचडीएमआय केबल बदलली, दुसरा संगणक जोडून पाहिला, आणि शेवटी केबल पूर्ण काढून मॉनिटरच्या बटणाने त्याचाच मेनू उघडला, तर त्या मेनूवरूनही रेघ तशीच आरपार जात होती. हा मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतः दाखवतो. त्यामुळे दोष पॅनेलचाच आहे याबद्दल शंका उरली नाही. मी याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढली, मागच्या स्टिकरवरील अनुक्रमांकही त्यातच दिसेल असे पाहिले आणि त्याच दुपारी बदलीची विनंती नोंदवली. वस्तूवर ‘सात दिवसांत फक्त बदली’ अशी अट होती आणि तीन दिवसांत तंत्रज्ञ तपासणीला येईल, असा संदेश आला.

सातव्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणारा अतिशय नम्र होता. “मॅडम, तुमच्याच भागात आहे, अर्ध्या तासात पोहोचतो. व्हिजिट टाकल्याशिवाय सिस्टीम पत्ता उघडत नाही, आत्ता एक ओटीपी येईल तेवढा सांगा.” एका ग्राहकाचे विवरणपत्र अर्धवट उघडे होते, मी घाईत होते, आणि आलेले सहा आकडे वाचून दाखवले. ‘सेवा पूर्ण झाल्यावरच हा ओटीपी सांगावा’ हे त्याच संदेशाच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेले होते, पण मी ते वाचले नाही. तंत्रज्ञ अर्ध्या तासात आला नाही, दुपारीही आला नाही. संध्याकाळी ॲप उघडले तेव्हा विनंतीपुढे ‘तपासणी पूर्ण, दोष आढळला नाही, विनंती बंद’ अशी नोंद होती. दुसऱ्या दिवशी सात दिवसांची मुदत संपली आणि नवी विनंती करण्याचा पर्यायच ॲपमधून नाहीसा झाला.

त्यानंतरचे नऊ दिवस ग्राहक सेवेच्या फोनवर गेले. दर वेळी नवा प्रतिनिधी, दर वेळी सगळी हकिकत पहिल्यापासून, आणि शेवटी तेच उत्तर की सिस्टीममध्ये तपासणी झालेली दिसते, आता कंपनीच्या वॉरंटीतून दुरुस्ती करून घ्या. कंटाळून मी एकदा इंटरनेटवर ग्राहक सेवेचा दुसरा क्रमांक शोधला आणि तिथला माणूस पैसे लगेच परत करतो म्हणत स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवून घ्यायला सांगू लागला, तेव्हा मी फोन ठेवला. असे बनावट क्रमांक शोधाच्या निकालांत मुद्दाम पेरलेले असतात. त्यात कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण तिथे उशीर झाला तर रक्कम पुढे निघून जाते.

खरा मार्ग सापडला तो लेखी तक्रारीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन बाजारपेठेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावे लागते. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मी त्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले आणि सोबत चित्रफीत, कॉलची नोंद आणि दोन संदेश जोडले. ओटीपीचा संदेश ११ वाजून १२ मिनिटांचा होता आणि तपासणी पूर्ण झाल्याची नोंद ११ वाजून १४ मिनिटांची. दोन मिनिटांत तंत्रज्ञ घरी आला, मॉनिटर तपासला आणि परत गेला, हे कसे शक्य आहे, एवढाच प्रश्न मी पत्रात विचारला होता. तिसऱ्या दिवशी बदली मंजूर झाली. आधीच्या नऊ दिवसांत मी हेच सगळे फोनवर सांगत होते, पण त्याचा कागद कुठेच झाला नव्हता, याची मला आजही चुटपुट लागते.

बदलीचा मॉनिटर आला तेव्हा मुलगा दारातच घाई करू लागला. जुना उचलायचा, नवा द्यायचा आणि ओटीपी घ्यायचा, एवढेच त्याला माहीत होते, आणि त्यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. मी त्याला बसायला सांगितले, पाणी दिले आणि खोके बघितले. मूळ चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी होती. उघडल्यावर स्टँडच्या पायावर स्क्रू फिरवल्याचे ओरखडे दिसले आणि खोक्यावरचा अनुक्रमांक मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. मागचा क्रमांक मी तिथेच निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकला, तर त्याची वॉरंटी चौदा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली होती. कोणीतरी वापरून परत केलेला मॉनिटर नव्या खोक्यात भरून मला पाठवला होता. मी ओटीपी दिला नाही. मुलाला कारण समजावून सांगितले, दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे काढली आणि खोके परत पाठवले.

त्याच संध्याकाळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, आदेश देत नाही. आदेशाचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, विक्रेता बंगळुरूचा असो वा दिल्लीचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी आयोगासाठीचा मसुदा तयार केला आणि तसे त्या अधिकाऱ्याला कळवले. यावेळी बदली नको, पूर्ण रक्कम हवी, असे स्पष्ट लिहिले होते. खरेदीपासून सत्तेचाळिसाव्या दिवशी १५,९९९ रुपये खात्यात जमा झाले आणि दुसऱ्या दिवशी रेघेचा मॉनिटर उचलून नेला. त्या वेळी मागितलेला ओटीपी मी उचल झाल्याची पावती हातात आल्यावरच सांगितला.

तोच मॉनिटर नंतर सांगलीतल्या एका दुकानातून अकराशे रुपये जास्त देऊन घेतला. दुकानदाराने माझ्यासमोर खोके फोडले, मॉनिटर जोडला, पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाचही रंग पूर्ण पडद्यावर दाखवले आणि अनुक्रमांक बिलावर हाताने लिहून दिला.