मेणवलीचा वाडा की चांदरचं घर?

वाईजवळचा नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा आणि गोव्यातलं चांदरचं ब्रागांझा घर, यांतलं एकच पाहायचं असेल तर? मी मेणवली म्हणेन, पण कारण वाडा नव्हे, घाट. सहा चौकांचा वाडा भक्कम आहे, भिंतींवर जुनी चित्रंही आहेत. पण मागच्या दाराने कृष्णेवर उतरलात की खरी गंमत. चंद्रकोरीसारख्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ आणि तिथे टांगलेली पोर्तुगीज चर्चची घंटा! 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ही लूट.

चांदरला थाट वेगळा. लांबलचक दर्शनी बाजू, झुंबरं, नाचाचं दालन. घर दोन शाखांत वाटलेलं, दोन्हीकडे वंशज राहतात, त्यामुळे आपण पाहुणेच असतो. पोर्तुगीज राजवटीवर सडकून लिहिणारे पत्रकार लुईस मिनेझिस ब्रागांझा इथलेच. त्यांचं ग्रंथालय पश्चिमेकडच्या भागात. गाव मात्र या घराहून कितीतरी जुनं: कदंबांची राजधानी चंद्रपूर ती हीच. सामानासुमानाची आवड असेल, तर बेलाशक चांदर गाठा.