दुपारी रुसणारं जीसी-एमएस आणि काका-पुतण्याची सर्व्हिस : पाचपैकी चार तारे

भोसरी एमआयडीसीत आमची पाणी तपासणीची छोटी लॅब आहे. पाण्यातली रसायनं वेगळी करून ओळखणारं आणि मोजणारं एक जुनं जीसी-एमएस, त्याला पर्ज अँड ट्रॅप जोडलेलं (हे पाण्यात हेलियमचे बुडबुडे सोडून त्यातली उडून जाणारी रसायनं गोळा करतं), त्यावरच निम्मं घर चालतं. जूनपासून ते दुपारचं रुसायला लागलं. प्रत्येक सॅम्पलमध्ये आम्ही फ्लुरोबेन्झिन ठरलेल्या मापाने घालतो. हे आमचं इंटर्नल स्टँडर्ड, बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून काढतात. सकाळी दहाला त्याचा पीक (आलेखावरचा उंचवटा) दणदणीत, दीड-दोन वाजले की त्याचा एरिया ३०-३५ टक्क्यांनी खाली, संध्याकाळी सातनंतर आपोआप परत वर. आम्ही ईपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ५२४.२ पद्धतीने काम करतो. त्यात इंटर्नल स्टँडर्डचा एरिया आदल्या तपासणीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घसरला की पुढचे सॅम्पल लावायचे नसतात. म्हणजे बहुतेक दुपारी दुकान बंद.

ज्यांच्याकडे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, आहे त्यांचे इंजिनिअर दोनदा येऊन गेले. पहिल्या खेपेला ट्रॅप बदलला. दुसऱ्या खेपेला एमएसमधला सोर्स (रेणूंना विद्युतभार देणारा भाग) घाण आहे, मल्टिप्लायरही (सिग्नल वाढवणारा भाग) दमलाय, असं सांगून १ लाख ८० हजारांचं कोटेशन ठेवलं. दोन्ही वेळा सकाळी आले आणि जेवणाच्या आत गेले. दुखणं दुपारचं, त्यांना दिसणार कुठून?

मग ओळखीच्या एका लॅबने मशीन दुरुस्त करणाऱ्या या काका-पुतण्याचा नंबर दिला. काका साठीच्या पुढचे, पुतण्या तिशीतला. अकराची वेळ देऊन पावणेएकला उगवले, तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. काकांनी पाना-स्क्रूड्रायव्हर काहीच काढलं नाही. चहा घेतला आणि दोन महिन्यांचं लॉगबुक मागितलं. अर्धा तास बोट फिरवत वाचल्यावर म्हणाले, ‘‘मॅडम, गुरुवारी काय करता तुम्ही?’’

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते. जनरेटरवर फक्त जीसी-एमएस, एसी आणि फ्रीज चालतो, बाकी लॅब बंद. आणि खरोखर, एकाही गुरुवारी एरिया घसरला नव्हता. रोज सही मीच करते त्या वहीत. मला ते दिसलं नव्हतं.

दोन वाजता, मशीन आजारी असताना, त्यांनी पर्ज अँड ट्रॅप बाजूला ठेवून बीएफबी हे मशीन तपासायचं रसायन सिरिंजने सरळ जीसीत टाकायला लावलं. पाच वेळा. पाचही वेळा एरिया जवळजवळ सारखा. मग ट्यूनमध्ये, म्हणजे एमएसच्या स्वतःच्या तपासणीत, २८ आणि ३२ मास (हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन) बघितले. हवेची गळती नाही. सोर्स आणि मल्टिप्लायर निर्दोष सुटले, माझे १ लाख ८० हजार तिथेच वाचले. त्यानंतर इंटर्नल स्टँडर्ड मशीनला घालू न देता मायक्रोसिरिंजने हाताने घालायला सांगितलं. फ्लुरोबेन्झिन सकाळच्या जागेवर परत आलं, पण ब्रोमोफॉर्म पडलेलंच.

हा भाग मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही पाण्यात मोजतो त्यांपैकी ब्रोमोफॉर्म हे रसायन पाण्यातून सहजासहजी उठत नाही. हेलियमचा बुडबुडा मंदावला की आधी तेच मागे राहतं. क्लोरोमिथेनसारखे वायू मंद प्रवाहातही पळून येतात, आणि आमचं क्लोरोमिथेन ठणठणीत होतं. पुतण्याने पर्ज व्हेंटला, म्हणजे बुडबुड्यांचं हेलियम बाहेर पडतं तिथे, फ्लोमीटर लावला. मिनिटाला ४० मिलिलिटर हवे, मिळत होते २७. स्टँडर्डच्या कुपीवरचा दाबही याच हेलियमचा, तो कमी म्हणून डोसही कमी. एकच कारण, दोन ठिकाणी दिसत होतं.

हेलियम जात कुठे होतं? शेजारच्या दुसऱ्या जीसीकडे. तो साडेबाराला सुरू होतो (गुरुवारी मात्र बंदच), स्प्लिट, म्हणजे जादा गॅस बाहेर सोडायची वाट, उघडा ठेवून भसाभस गॅस पितो, आणि दोन्ही मशीनं एकाच बारीक, एक-सुती तांब्याच्या नळीवर, एका टी-जोडावर. वर त्या नळीतला ओलावा धरणारा फिल्टर किती वर्षं बदलला नव्हता हे सांगायची मला लाज वाटते. जीसी-एमएसच्या जीसीला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक प्रेशर कंट्रोल असल्याने त्याला यातलं काहीच कळलं नाही. पर्जचा प्रवाह मात्र आमच्याकडे हाताने फिरवायच्या नीडल व्हॉल्व्हवर, त्याच्याकडे सांभाळून घ्यायची सोय नाही.

मला खरी धडकी नंतर भरली. एरिया ३० टक्क्यांच्या आत घसरला होता त्या दुपारी आम्ही काम चालू ठेवलं होतं. इंटर्नल स्टँडर्डही कमी आणि ब्रोमोफॉर्मही कमी, त्यामुळे भागाकारात आकडा बऱ्यापैकी बरोबर दिसायचा आणि क्यूसी, म्हणजे अचूकतेची तपासणी, पास व्हायची. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ब्रोमोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड असेल आणि त्यात क्लोरीन पडलं, तर नेमकं हेच वाढतं. त्या आठवड्यांतले मर्यादेच्या जवळचे सॅम्पल आम्ही पुन्हा मागवून नव्याने लावले. मालकांना हे सांगताना मजा आली नाही.

फिल्टर नवा बसवला, जीसी-एमएसला वेगळा रेग्युलेटर आणि वेगळी नळी दिली. साबणाचं पाणी घेऊन जोड तपासायला गेलेल्या आमच्या पोराला काकांनी असं काही झापलं की तो अजून ती बाटली शोधतोय. ‘‘ते आत ओढलं गेलं की महिनाभर तुला साबणाचे पीक मोजावे लागतील.’’ जाता जाता पर्जच्या वाटेवरचा टेफ्लॉन नळीचा तुकडा काढून तिथे स्टीलची नळी घातली. पलीकडच्या खोलीत कीटकनाशकांच्या सॅम्पलसाठी डायक्लोरोमिथेन वापरतात, ते टेफ्लॉनमधून आत झिरपतं. ब्लँकमधला, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी लावल्यावरही दिसणारा, त्याचा जुनाट पीक आता बसला आहे, आणि त्या तुकड्याचे पैसे लावले नाहीत.

व्हिजिटचे ९,००० घेतले, सामान वेगळं.

एक तारा का कापला, तर कागदपत्रांसाठी. सर्व्हिस रिपोर्ट मागितला तर वहीचं फाडलेलं पान मिळालं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे ऑडिटर त्या पानाकडे बघून काय म्हणतील याचा विचारच नको. तीनदा फोन केल्यावर टाइप केलेला रिपोर्ट आला, त्यासोबत फ्लोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलं, त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. शेवटी मी आमच्या फ्लोमीटरने प्रवाह पुन्हा मोजून त्याची नोंद लावली.

काका दिवसा फोन उचलत नाहीत. रात्री आठनंतर पुतण्याला व्हॉट्सअॅप करा, लॉगबुकचे फोटो आधीच पाठवा, आणि मशीन ज्या वेळी त्रास देतं तीच वेळ मागा. दिलेल्या वेळेत दोन तास मिळवूनच धरा.