तुपाशिवायचे विरेचन आणि माझे ८२,७९९ रुपये

हिशेब आधी मांडते, कारण नोकरीची बावीस वर्षे मी लेखा विभागात तेच काम केले आहे. नाडीपरीक्षेची नोंदणी ४९९ रुपये, महिलांसाठीचे वार्षिक पॅकेज ४८,५०० रुपये, पहिल्या खेपेची औषधे ११,२०० रुपये आणि ‘सुवर्णयुक्त रसायन’ (आयुर्वेदातले ताकद देणारे औषध) २२,६०० रुपये, असे एकूण ८२,७९९ रुपये मी गेल्या जानेवारी ते मार्च या काळात एका आयुर्वेदिक उपचार केंद्राला दिले. त्याबदल्यात मला चार अभ्यंग (तेलाचे मालिश), दोन शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), विरेचन (औषधाने पोट साफ करण्याचा आयुर्वेदिक उपचार) या नावाखाली दिलेला एक जुलाब आणि लेबल नसलेल्या गोळ्यांच्या तीन पुड्या मिळाल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या केंद्राचे शटर पडले, ते अजून उघडलेले नाही.

सुरुवात कशी झाली हे सविस्तर लिहीत नाही. सोसायटीतले संक्रांतीचे हळदीकुंकू, त्यात ‘मोफत आरोग्य शिबिर’, मग नाममात्र पैशांत तपासणी, मग भीती आणि मग फक्त आजच्या दिवसापुरती सवलत, हा क्रम आता लहान मुलांनाही पाठ आहे. मलाही तो ठाऊक होता. तरीही मी फसले, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. माझे वय ४७ आहे. दीड वर्षापासून पाळी अनियमित झाली होती, रक्तस्राव वाढला होता, रात्री घामाने जाग येत होती. याआधी मी ज्या दोन दवाखान्यांत गेले तिथे ‘या वयात असे व्हायचेच’ एवढे ऐकून पाच मिनिटांत बाहेर आले. या केंद्रातल्या बाईंनी माझे म्हणणे चाळीस मिनिटे ऐकून घेतले. झोप, भूक, चिडचिड, बाळंतपणानंतर धरलेली कंबर, सगळे विचारले आणि वहीत टिपले. त्या चाळीस मिनिटांची किंमत मी ८२,७९९ रुपये मोजली, असे माझे पती म्हणतात, आणि त्यांना उत्तर देणे मला जमलेले नाही.

नाडी बाईंनी स्वतः पाहिली नाही. मनगटाला एक पट्टा बांधला आणि संगणकावर रंगीत तक्ता उमटला, ज्यात ‘गर्भाशय ३८ टक्के’ असे लाल अक्षरांत लिहिले होते. गर्भाशयावर आमाचा (न पचलेल्या अन्नातून होणाऱ्या दूषित भागाचा) थर साचला आहे, तो आताच काढला नाही तर पाच वर्षांत त्याची गाठ होईल, असे त्यांनी अत्यंत मृदू आवाजात सांगितले. ३८ टक्के म्हणजे कशाचे ३८ टक्के, एवढा प्रश्न मी कार्यालयात कुठल्याही व्हाउचरवर विचारला असता. तिथे विचारला नाही.

भिंतीवर बी.ए.एम.एस. पदवी असलेल्या एका वैद्यांचे नाव होते, मात्र तीन महिन्यांत ते मला एकदाही दिसले नाहीत. चिठ्ठीवर सही होती, नोंदणी क्रमांक नव्हता. म्हणून सांगते, मनगट पुढे करण्याआधी नोंदणी क्रमांक मागा आणि तो राज्याच्या नोंदवहीत त्याच नावावर आहे का ते पाहा. खरा वैद्य याने दुखावला जात नाही.

पॅकेजमध्ये बारा अभ्यंग, सात शिरोधारा, एक विरेचन, तीस बस्तींचा (औषधी एनिमांचा) संपूर्ण कर्मबस्ती क्रम आणि तीन उत्तरबस्ती असे सारे होते. मूळ किंमत ५१,५०० रुपये सांगितली गेली आणि दोन मैत्रिणींची नावे व क्रमांक दिल्यास ३,००० रुपये सूट मिळेल असे म्हटले गेले. मी नावे दिली. त्यांपैकी एकीने माझ्या भरवशावर २६,००० रुपये भरले, आणि आज ती जिन्यात समोर आली तरी मान वळवून जाते. माझ्या रकमेपेक्षा हे मला अधिक बोचते, कारण तिची फसवणूक करण्यात माझा हात होता आणि त्याचे ३,००० रुपये मी सवलत म्हणून घेतले होते.

पैसे दोन भागांत गेले. ८,५०० रुपये तिथला कोड स्कॅन करून भरले, आणि स्कॅन झाल्यावर केंद्राच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव पडद्यावर आले. ‘ते आमच्या सरांचे खाते आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटले. उरलेल्या ४०,००० रुपयांसाठी त्यांनी टॅबवर माझी माहिती भरली, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला आणि ‘दरमहा फक्त ४,००० रुपये, उपचार आवडले नाहीत तर हप्ते बंद’ असे सांगितले. प्रत्यक्षात तो एका वित्त कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचा करार होता. पैसे केंद्राला त्याच आठवड्यात एकरकमी मिळाले आणि दहा हप्त्यांचे ओझे माझ्या नावावर राहिले. अशा डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ती मुदत करारात लिहिलेली असते. मी तो करार जूनमध्ये वाचला.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, ज्या दिवशी मला सर्व काही कळायला हवे होते, आणि खरे तर कळलेही होते.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंचे विरेचन एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाले होते आणि त्या वेळी त्यांची सेवा मीच केली होती. पाच सकाळी औषधी तूप कोमट करून मीच त्यांच्या हातात दिले, रोज चढत्या मात्रेने, आणि पाचव्या दिवशी वाटी पाहूनच त्यांना उमासे येऊ लागले होते. त्यानंतर अभ्यंग आणि स्वेदन (घाम आणणारा शेक) झाले. प्रत्यक्ष विरेचनाच्या दिवशी वैद्य दर काही वेळाने येऊन नाडी व रक्तदाब पाहत होते आणि किती वेग (जुलाब) झाले ते कागदावर मांडत होते. नंतर संसर्जन क्रम, म्हणजे आधी पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मुगाचे कढण, असे करत पाचव्या दिवशी त्या नेहमीच्या जेवणावर आल्या. स्नेहन (तूप-तेल देणे) आणि स्वेदन हे पूर्वकर्म, मग मुख्य कर्म, मग पश्चात्कर्म, ही मांडणी पुस्तकातून नाही, तर स्वयंपाकघरातून मला माहीत होती.

फेब्रुवारीत केंद्रातल्या बाईंनी मला एका कागदी पुडीत काळपट चूर्ण दिले आणि ‘शनिवारी रात्री घ्या, रविवारी विरेचन होऊन जाईल, सोमवारी कामावर जा’ असे सांगितले. मी घरी आले. पुडी ओट्यावर ठेवली. सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना कमी दिसते, पण त्यांनी विचारले, “अगं, विरेचन म्हणतेस, मग तूप कुठे आहे?” मी त्यांना म्हणाले, “आई, आता पद्धती सुधारल्या आहेत.” हे वाक्य माझे नव्हते, दोन तासांपूर्वी त्या बाईंनी मला दिलेले होते.

त्यात त्या शनिवारी माझी पाळी सुरू झाली. मी फोन करून विचारले, कारण पाळीत शोधन (विरेचनासारखे शरीरशुद्धीचे उपचार) करत नाहीत हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. पलीकडून उत्तर आले, “उलट छान झालं ताई, सगळं एकदम निघून जाईल.” आयुर्वेदाचे पहिले वर्ष शिकणारा विद्यार्थीही असे बोलणार नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पुडीकडे पाहत उभी होते आणि मला अगदी स्पष्ट कळले की हे खोटे आहे. पण त्या क्षणी ते मान्य करायचे म्हणजे ४८,५०० रुपये गेले हे मान्य करायचे, नवऱ्याला सांगायचे, मैत्रिणीला सांगायचे. त्यापेक्षा मी चूर्ण घेतले. रविवारी चौदा वेळा जुलाब झाले, संध्याकाळी न्हाणीघरात घेरी येऊन पडले आणि सासूबाईंनी न बोलता मीठ-साखरेचे पाणी करून दिले. वेग मोजायला कोणीही वैद्य नव्हता, मीच मोजले.

त्या केंद्राच्या पत्रकावर निरोगी माणसाने ऋतूंनुसार करायच्या शुद्धीबद्दल वसंतात वमन (औषधाने उलटी), वर्षा ऋतूत बस्ती आणि शरदात विरेचन असे अचूक छापलेले होते. माझे विरेचन माघात झाले. पत्रक माझ्या पर्समध्येच होते.

असे होऊनही मार्चमध्ये मी २२,६०० रुपयांचे रसायन घेतले, हे वाचून कोणी हसले तर माझी तक्रार नाही. ‘शोधनानंतर रसायन घेतले नाही तर सगळे वाया जाते’ असे त्या म्हणाल्या, आणि शोधनानंतर रसायन घ्यावे हे शास्त्रात खरोखरच आहे. अशा माणसांचे बोलणे अर्धे खरे असते, म्हणूनच ते गळी उतरते. साठ गोळ्या, पांढरी पिशवी, त्यावर ना घटक, ना बॅच क्रमांक, ना परवाना क्रमांक, ना मुदत. विकत मिळणाऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर हे सारे असावेच लागते. ज्याच्यावर काही लिहिलेले नाही ते पोटात घालू नका, मग ते वनस्पतीचे असो वा भस्माचे. शिसे आणि पारा डोळ्यांनी ओळखता येत नाही.

उत्तरबस्तीची वेळ आली नाही, हे माझे नशीब. औषध थेट गर्भाशयात देण्याचे हे कर्म पाळी संपल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत, निर्जंतुक साधनांनी आणि त्यात प्रशिक्षित वैद्याच्याच हातून व्हायला हवे. तिथे ते अभ्यंगाच्या तेलकट टेबलावर मालिश करणारी मुलगी करणार होती.

अखेर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ भरले, डिसेंबरमध्ये ते १०.६ होते. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड (गर्भाशयातली, कर्करोगाची नसलेली गाठ) दिसला. आमाचा थर दिसला नाही.

शटर पडल्यानंतरची कथा अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात मला सव्वादोन तास बाकावर बसवले आणि मग सांगितले की तुम्हाला काही सेवा मिळालेली आहे, त्यामुळे ही फसवणूक नसून व्यवहारातला वाद आहे. मी चारशेवीसचा उल्लेख केला तेव्हा ‘ते कलम आता राहिले नाही’ असे उत्तर मिळाले. १ जुलै २०२४ पासून त्याच गुन्ह्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, हे मला घरी येऊन शोधावे लागले. दुसऱ्या खेपेला मी ते लिहून नेले, तर अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला शिक्का सापडत नव्हता.

वैद्यांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने तीन आठवड्यांनी कळवले की चिठ्ठीवरील सहीवरून व्यक्तीची ओळख पटत नाही आणि उपचार देणाऱ्या बाई नोंदणीकृत नसल्याने त्यांच्यावर कारवाई करणे आमच्या अखत्यारीत येत नाही. अहो, त्या नोंदणीकृत नाहीत हीच तर माझी तक्रार आहे! महाराष्ट्र वैद्यकीय व्यावसायिक अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हाच गुन्हा आहे. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात मी गोळ्यांची पिशवी नेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले की लेबल नसल्याने उत्पादक ठरवता येत नाही; शिवाय वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी तयार केलेल्या औषधाला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना लागत नाही. म्हणजे एका कार्यालयाच्या मते ती बाई वैद्य नाही म्हणून सुटते आणि दुसऱ्या कार्यालयाच्या मते ती वैद्य असावी म्हणून सुटते. हे दोन्ही कागद मी एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक लावून ठेवले आहेत.

त्या पत्रकावर ‘पाळीच्या सर्व तक्रारींवर हमखास उपाय’ असेही छापलेले होते. स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी औषधाने बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कलम ३ ने मनाई केलेली आहे. सत्तर वर्षे जुना कायदा आहे, आणि ते पत्रक आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर महिनाभर लटकत होते. मी ते दाखवले तेव्हा ‘अशी तर सगळीकडे असतात’ एवढेच ऐकायला मिळाले.

त्या बाईंनी व्हॉट्सॲपवर सुरुवातीपासूनच संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू ठेवली होती आणि मला ते नेटकेपणाचे लक्षण वाटले होते. ‘हप्ते बंद होतील’ हा संदेश त्यामुळे माझ्याकडे नाही. जी व्यक्ती पैसे घेते आणि शब्द पुसते, तिच्या प्रत्येक संदेशाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

ग्राहक आयोगात मी आता तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या, फर्निचरवाल्याने फसवलेल्या एका गृहस्थांनी सांगितले. माझ्याकडच्या चार पावत्यांपैकी तीन कच्च्या आहेत, त्यामुळे केंद्राला नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची हाच पहिला प्रश्न निघाला आहे.

वित्त कंपनीचे म्हणणे असे की केंद्र बंद पडले तरी कर्जाचा करार स्वतंत्र आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार केली असून तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे; आज एकविसावा दिवस आहे. सहा हप्ते गेले, चार राहिले, आणि सातवा ५ तारखेला माझ्या पगाराच्या खात्यातून कापला जाईल.