पहिली पंप-अ‍ॅक्शन बंदूक घेताना माझे ६१,५०० रुपये गेले

फोटोतली बंदूक पिवळसर लादीवर आडवी ठेवलेली होती आणि शेजारी एक लाल काडतूस उभं होतं. तो फोटो मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोठा करून पाहिला. तरी जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही. ते आमच्या सोसायटीतल्या सुभेदार काकांना दिसलं, पैसे गेल्यानंतर दोन दिवसांनी.

मी कळव्यात राहतो, नोकरी महापे एमआयडीसीत. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका शिबिरात पहिल्यांदा क्लेवर नेम धरला. क्ले म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅमची ठिसूळ तबकडी. यंत्रातून ती सुटते आणि बघता बघता लांब जाते. प्रशिक्षकांनी हातात बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) पंप दिली. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. ओढायची ती पार शेवटापर्यंत, कच खाऊन अर्धवट ओढली की काडतूस अडकतं. पहिल्या पंचवीसमध्ये मी चार फोडल्या. तबकडी दिसली की माझे हात थांबायचे. सर मागून सांगत होते, “थांबू नका, चाप ओढल्यावरही नळी फिरत राहू द्या.” तिसऱ्या फेरीत अकरा फुटल्या. नारिंगी तबकडीचा हवेत काळा भुगा होतो आणि तेवढ्यात आपला डावा हात आपसूक मूठ मागे ओढतो. तो आनंद ज्याने घेतलाय त्याला माझी घाई समजेल.

परवाना मिळायला वर्ष गेलं. अर्ज, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिस चौकशी, आयुक्तालयाच्या फेऱ्या, सगळं रीतसर केलं. परवान्यावर खरेदीची मुदत असते आणि माझी संपत आली होती. मला काय हवं ते पक्कं होतं: २८ इंची नळी, बदलता येणारे चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छर्‍यांचा पसारा कमी-जास्त करणारे तुकडे), ७० मिलिमीटरचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणता येत नाही, म्हणून जुन्या विदेशी बंदुकांचे भाव लाखांत जातात. त्यामुळे समाजमाध्यमावर एक जुनी विदेशी पंप १ लाख ६० हजारांत दिसली तेव्हा मी हरखून गेलो. एवढ्या कमी भावानेच सावध व्हायला हवं होतं.

फोनवरचा माणूस अतिशय गोड बोलणारा. खारघरला राहतो म्हणाला, मुलाकडे परदेशी कायमचा चाललोय. “दादा, वस्तू चांगल्या हातात जावी एवढीच इच्छा आहे. ह्या बंदुकीवर तुम्ही राज्य स्पर्धासुद्धा खेळाल.” त्याच्या परवान्याचा फोटो आला, त्यात क्रमांकावर बोट ठेवलेलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, सुरक्षेसाठी. मला ते पटलं.

सोमवारी विसार म्हणून ३५,००० पाठवले. बुधवारी पोलिस ठाण्याच्या ना हरकत पत्राचे १८,५००. पत्राचा फोटोही आला, गोल शिक्का, सही सगळं. गुरुवारी घरपोच वाहतुकीच्या विम्याचे ८,०००. शनिवारी मी दिलेल्या पत्त्यावर खारघरला गेलो. इमारत होती, सहावा मजलाही होता. फ्लॅट ६०७ मात्र नव्हता, प्रत्येक मजल्यावर चारच दारं. जिना उतरता उतरता फोन लावला तर नंबर बंद.

त्या संध्याकाळी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “अरे, ही नळी २८ इंची आहे असं कोण म्हणालं तुला?” मग पट्टी घेतली. फोटोतलं काडतूस मोजलं, नळी मोजली. भरलेलं काडतूस साधारण सहा सेंटीमीटरचं असतं. नळी आठ काडतुसांएवढी भरली, म्हणजे १९ इंचांच्या आतच. २८ इंची नळी बारा काडतुसांएवढी भरायला हवी. शस्त्र नियमांनुसार २० इंचांपेक्षा आखूड आणि आतून गुळगुळीत नळीची बंदूक (छर्‍यांची बंदूक अशीच असते) निर्बंधित गटात मोडते, माझ्या परवान्यावर ती चढूच शकत नाही. “मिळाली नाही तेच बरं झालं,” काका म्हणाले, “मिळाली असती तर पैसे आणि परवाना दोन्ही गेलं असतं.”

पुढचं काकांनी एकेक करून उलगडलं, आणि ऐकताना मला घाम फुटला. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्याला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला खरेदीदाराच्या नावासकट लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही. माझा व्यवहार सोमवारी ठरून शनिवारी पुरा होणार होता! बंदूक काही फ्रीजसारखी घरपोच येत नाही, हे मला माहीत असूनही मी विम्याचे पैसे भरले. आणि स्पर्धेची गोष्ट तर उघड खोटी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत ट्रॅप आणि स्कीट ह्या क्ले फोडायच्या स्पर्धांसाठी पंप-अ‍ॅक्शन चालतच नाही. तिथे बहुतेक जण एकावर एक दोन नळ्यांची बंदूक वापरतात. पंप ही मौजेची आणि सरावाची बंदूक आहे. मला ती तेवढ्यासाठीही हवीच होती, पण त्या माणसाला नियम ठाऊक नव्हता की मला ठाऊक नाही हे त्याने ओळखलं होतं, कोण जाणे.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन मी त्याच रात्री केला. तो गुरुवारीच केला असता तर जास्त वाचलं असतं. ८,००० बँकेत थांबवले गेले, बाकीचे दोन खात्यांतून पुढे निघून गेले होते. तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याच्या पावत्या, संभाषण, फोटो सगळं दिलंय. घरी आई दोन दिवस बोलली नाही, बाबांनी मात्र एवढंच विचारलं, “परवाना नीट आहे ना?”

आता परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जाऊन बघतोय. गेल्या रविवारी एक देशी पंप खांद्याला लावून पाहिली. दस्ता थोडा लांब वाटला, पण नळी टेप लावून मोजली, २८ इंच. नळीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक दुकानदाराने स्वतःहून जुळवून दाखवला. खरेदीची मुदत वाढवून मागायचा अर्ज दिलाय, मुदत वाढून मिळाली की ठरवेन.

पिवळसर लादी, कोपऱ्यात उडालेला एक टवका, शेजारी उभं लाल काडतूस. हा फोटो तुम्हाला कोणी पाठवला तर पैसे पाठवू नका. पाठवून झाले असतील तर आत्ता, हे वाचता वाचताच, १९३० लावा आणि माणसाचा नंबर, खातं, फोटो सगळं जपून ठेवा. माझ्या तक्रारीशी ते जोडता येईल.