कोळंबीतला व्हिब्रिओ: फेज घ्यावा, प्रतिजैविक की प्रोबायोटिक?

आधी एक गोष्ट पक्की करा: मर नेमकी कशाने होते आहे? अंगावर पांढरे ठिपके उठून चार-आठ दिवसांत तळं रिकामं होत असेल, तर तो बहुधा व्हाइट स्पॉटचा विषाणू. त्यावर ना फेज (जिवाणू मारणारा विषाणू) चालतो, ना प्रतिजैविक. पुढची सगळी तुलना फक्त जिवाणूंच्या रोगांची, म्हणजे मुख्यतः व्हिब्रिओ या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूची आहे. रात्री दिवा मालवल्यावर टाकीतली पिल्लं हिरवट चमकताना दिसली, तर चमकणारा व्हिब्रिओ हार्वेयी आलाय असं समजा.

प्रतिजैविक स्वस्त असतं आणि लगेच हाताशी मिळतं, म्हणून हात आधी तिकडेच जातो. पण ते खाद्यातून द्यावं लागतं आणि आजारी कोळंबी खातच नाही. औषध खातात ती धडधाकट, उरलेलं तळाला जातं. तिथे ते अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर तर बंदीच आहे. त्यांचा अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो. आपल्या गोव्यातल्या खाजणात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्सिटेट्रासायक्लिन चिकणमातीला धरून राहतं आणि त्याच चिखलात पावसाळ्यात कोरगूट हे खारं पाणी सोसणारं भात पेरायचं असतं. ती जमीन एका हंगामापुरती नाही.

फेज हा जिवाणूवर जगणारा विषाणू. कोळंबीला किंवा माणसाला तो बाधत नाही. ठरावीक जिवाणूवर बसतो, आत वाढतो, त्याला फोडून डझनांनी बाहेर पडतो. जिवाणू संपले की तोही ओसरतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्याच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या अशाच एका फेजचा प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. हॅचरीतल्या (पिल्लं तयार करण्याच्या केंद्रातल्या) टायगर कोळंबीच्या पिल्लांपैकी फेज दिलेल्या टाकीत 86 टक्के जगली, नेहमीची प्रतिजैविकं दिलेल्या टाकीत 40 टक्के, काहीच न दिलेल्या टाकीत 17 टक्के. आकडे भुरळ घालणारे आहेत, पण ते हॅचरीचे आहेत, तळ्याचे नाहीत.

खाजणात भरतीला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडली की नदीचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. टाकलेला फेज त्याच्याबरोबर मांडवीत जाणार आणि नवा व्हिब्रिओ पुढच्या भरतीला येणार. म्हणून उघड्या खाजणात फेजवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बीज तपासून घेणं, दाटी कमी ठेवणं, तळाचा गाळ काढणं आणि जमलं तर प्रोबायोटिक, एवढंच. प्रोबायोटिक पेटलेला रोग विझवत नाही. त्यातले बॅसिलससारखे उपयोगी जिवाणू जागा आणि अन्न व्यापून व्हिब्रिओला वाढू देत नाहीत. ते रोज करायचं काम आहे.

पाणी अडवून ठेवता येतं तिथे, म्हणजे हॅचरीत, नर्सरीच्या टाकीत किंवा अस्तर घातलेल्या तळ्यात, फेजचा विचार जरूर करा. मात्र बाटली विकत घेण्याआधी एक चाचणी मागा. तुमच्या टाकीतला व्हिब्रिओ प्लेटवर पसरून वाढवायचा आणि त्यावर फेजचा थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी त्या दुधाळ थरात थेंबाएवढी स्वच्छ खिडकी पडली, तर तो फेज तुमच्या कामाचा. नाही पडली, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, तो तुमचा जिवाणू ओळखत नाही. फेजची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे. दोन टाक्यांतला व्हिब्रिओसुद्धा एकसारखा नसतो. शिवाय एकट्या फेजला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात, म्हणून अनेक फेजचं मिश्रण असलेलं बरं. त्यातले सगळे जिवाणूला फोडणारेच आहेत ना, हेही विचारा. काही फेज जिवाणूच्या आत लपून राहतात आणि विषाची जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात नेतात. ते पाण्यात नकोत.

नमुना कुठे तपासायचा, हे ठाऊक नसेल तर जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या मत्स्यविज्ञानाच्या लोकांना विचारा.

फेज घेतलाच, तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि उन्हं उतरल्यावर टाका, कारण कडक उन्हात तो मरतो. ब्लीचिंग पावडर किंवा पोटॅशियम परमँगनेट घातलं असेल, तर त्याचा अंमल पूर्ण उतरल्याशिवाय फेज सोडू नका.