घरातला एकच संगणक आणि वडिलांचे ध्वनिमुद्रण : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या वडिलांना सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या संतकवी सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने (छोटी भक्तिपर पदे) आणि कित्येक अभंग चालींसह पाठ आहेत. ते त्यांच्याच आवाजात, पेटीच्या साथीने नीट मुद्रित करून ठेवायचे होते. शिवाय पत्नीच्या टॉवेल-विक्रीचा जीएसटीचा हिशेब आणि मुलीचा अभ्यासही त्याच यंत्रावर व्हायला हवा होता. या दुहेरी गरजेसाठी गेल्या दिवाळीत संगणक जुळवून घेतला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज ११ साठी ५०० जीबीचा आणि ध्वनिमुद्रणासाठी १ टीबीचा स्वतंत्र एसएसडी (वेगवान साठवण), माइक संगणकाला जोडणारा फोकसराइट स्कारलेट २आय२ हा ऑडिओ इंटरफेस आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, एवढीच ही मांडणी आहे. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूत असल्याने वेगळे कार्ड लागले नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार्डाचा एक पंखा आणि त्याचा आवाज टळला. जागेची चिंता तर मुळीच नाही, कारण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल) या दर्जावर एका माइकचे तासभराचे मुद्रण सुमारे ५२० एमबीच होते.

पहिला महिना मात्र त्रासाचा गेला. गाणे रंगात आले की मध्येच ‘टक्’ असा आवाज मुद्रित होई. घरच्या कामासाठी एक आणि मुद्रणासाठी दुसरे असे दोन यूजर अकाउंट केले, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण ड्रायव्हर आणि पार्श्वभूमीतल्या सेवा दोन्ही अकाउंटना सामायिकच असतात. शेवटी कोणता ड्रायव्हर आवाजात अडथळा आणतो ते दाखवणारे लेटन्सीमॉन हे मोफत साधन चालवले, तेव्हा सगळा दोष वाय-फायच्या ड्रायव्हरकडे असल्याचे दिसले. वाय-फाय कायमचे बंद करून राउटरपासून लॅन केबल ओढली, यूएसबीची वीजबचत बंद केली आणि मुद्रणाचे फोल्डर क्लाउडवर आपोआप चढणे थांबवले. त्यानंतर तो आवाज पुन्हा आलेला नाही. बफर, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी साठवून ठेवायचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवला आहे, म्हणजे एका दिशेचा बफरचा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. पण वडिलांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे संगणकात न जाता थेट मिळतो, त्यामुळे त्यांना तेवढाही जाणवत नाही.

खरी अडचण घराच्या जागेची होती. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्यांची खटखट हवेतून येते तशी भिंतीतून आणि जमिनीतूनही येते. घरातल्या जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगल्या, तेव्हा खोलीतला घुमारा स्पष्टपणे कमी झाला, पण मागांचा खर्जातला धक्का त्यांनी अडत नाही. म्हणून बारीक आणि दूरचेही आवाज टिपणारा कंडेन्सर माइक बाजूला ठेवून शुअर एसएम५८ हा कमी संवेदनशील माइक स्टँडवर तोंडाजवळ लावून वापरतो, स्टँडच्या बुडाखाली घडी घातलेली गोधडी ठेवतो आणि रीपरमध्ये ८० हर्ट्झखालचा भाग कापतो. या माइकला गेन (आवाज वाढवण्याची पातळी) बराच द्यावा लागतो, पण आवाज जवळून घेतल्याने मागांचा वाटा खूप कमी होतो.

याच खटपटीतून मला या मांडणीतली सर्वांत उपयोगी गोष्ट सापडली : संगणक बैठकीतून हलवायचाच नाही, माइक शांत खोलीत न्यायचा. माइकची एक्सएलआर केबल संतुलित, म्हणजे वाटेत शिरलेला विद्युत गोंगाट रद्द करणारी, असल्यामुळे १० मीटर लांबीवरही तिच्यात गुणगुण शिरत नाही. संगणकाच्या पंख्याचा आवाज मुद्रणात येत नाही. रेकॉर्ड सुरू-बंद करण्यासाठी रीपरचे अंगभूत वेब नियंत्रण मी आतल्या खोलीत फोनवर उघडतो. मुलीला तेवढा वेळ संगणक मिळत नाही, हे खरे; पण आम्ही बहुतेक पहाटे बसतो.

विजेबाबत आवर्जून सांगायला हवे. सुरुवातीला स्पीकरमधून सतत ‘हम्’ असा आवाज येई आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. वायरमनकडून ते करून घेतल्यावर दोन्ही गोष्टी थांबल्या. वीज गेल्यावर चौरस लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर मुद्रण केले तर बारीक गुरगुर येते, म्हणून संगणक नीट बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग करतो.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना छताचा पंखा बंद करून वृद्ध माणसाला गायला बसवणे योग्य नव्हे, त्यामुळे त्या दिवसांत एका बैठकीत दोनच पदे घेतली.

रोजच्या कामाबद्दल तक्रार नाही. जीएसटीचे पोर्टल, व्हिडिओ, मुलीचे प्रकल्प सगळे विनासायास चालते. विंडोजच्या आवाजाचा सॅम्पल रेटही ४८ किलोहर्ट्झच ठेवला आहे, त्यामुळे मुद्रणानंतर इंटरफेसची सेटिंग बदलावी लागत नाही. घरातले सगळेच हे यंत्र हाताळत असल्यामुळे दर रविवारी मुद्रणाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढतो आणि ती डिस्क कपाटात ठेवतो.