३,८०० रुपयांची रबरी योगा मॅट : आठ महिने आणि नागपूरचा एक उन्हाळा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे पावणेसहाला, अधोमुख श्वानासनातून हात उचलायला गेलो तर मॅट हातासोबत वर आली. तळवे काळे, आणि खाली फरशीवर वीतभर काळा चिकट पट्टा. मॅटची किंमत ३,८०० रुपये. एवढ्यात कूलरचा नवा पंप आणि तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या येऊन वर पैसे उरले असते.

नैसर्गिक रबर, वर पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा) थर, जाडी ५ मिमी, वजन अडीच किलो वगैरे तुम्ही जाहिरातीत वाचलंच असेल. कंपनीचं नाव घेत नाही.

हेच मी जानेवारीत लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते. तेव्हा पहाटे नऊ-दहा डिग्री, स्वेटर घालून वर्गाला जायचो आणि शेजारच्यांच्या स्वस्त मॅटा सरकत असताना माझी जागची हलायची नाही. मला त्याचा गर्वच होता. मॅट सुरळी करून खांद्यावर टाकून जाताना आपण फार मोठे साधक झालो असं वाटायचं, आणि तेव्हा माझी बोटं पश्चिमोत्तानासनात नडगीच्या अर्ध्यावर अडकत होती!

वर्ग मात्र फुकट. नागपुरात योग विनामूल्य शिकवायची जुनी रीत आहे. जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ काढलं, तेव्हापासून इथल्या किती घरांत सकाळची आसनं सुरू झाली याची गणती नाही. आमच्या वस्तीतला वर्ग एक निवृत्त काका घेतात. फी विचारली तर म्हणाले, "रोज या, हेच लय झालं." म्हणजे शिकणं शून्य रुपयांत आणि अंथरूण ३,८०० चं. हिशेब तिथंच चुकला होता.

आता वॉरंटीची कथा. एक वर्षाची आहे असं खोक्यावर छापलेलं. पहिला मेल केला, फोटो मागितले. फोटो पाठवले, बिल मागितलं. बिल पाठवलं, व्हिडिओ मागितला. आमच्या हिने मोबाईल धरला आणि मी त्या चिकट मॅटवर हात ठेवून उचलून दाखवला, तीन वेळा. उत्तर आलं, ही नेहमीच्या वापराची झीज आहे, तक्रार बंद करत आहोत, नव्या मॅटवर १५ टक्के सूट घ्या. सहा महिन्यांत झिजणाऱ्या वस्तूवर वर्षाची वॉरंटी देता काऊन, हे मी चार वेळा विचारलं. पाचवा मेल लिहिताना हात थरथरत होता. ही म्हणाली, "अहो, पहाटे प्राणायाम करता ना?" त्या दिवशी मी नाश्ता केला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही माझ्या बाजूचे झाला असाल तर पुढचंही वाचा. जूनमध्ये कपाट आवरताना मॅटसोबत आलेली चिठ्ठी सापडली. बारीक अक्षरात तीन ओळी : उन्हात वाळवू नका, तेल लागू देऊ नका, गरम जागी ठेवू नका. मी दर रविवारी धुऊन गच्चीवर घालत होतो, तीही एप्रिलच्या उन्हात. शिवाय तळपायांना रोज रात्री खोबरेल. रबराचे तिन्ही शत्रू मीच घरी बोलावले होते. तरी गरम जागी ठेवू नका म्हणजे मे महिन्यात नागपुरात ठेवायची कुठं, फ्रिजमध्ये? हा भाग मी कंपनीच्याच खात्यावर धरतो. बाकी अर्धा दोष माझा.

मॅट गेल्यावर दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, नवी येईपर्यंत सुट्टी घेतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अजी, घरी सतरंजी नाही काय?"

होती. माळ्यावर. निळ्या-लाल पट्ट्यांची, लग्नातली. दोन महिने तीच वापरतोय. धुता येते, उन्हात घालता येते, तेलाचं काही नाही. खोटं कशाला बोलू, श्वानासनात टाइलवर सरकते आणि पाय लांब जातात. हात-पायांखाली येणारी तिची चार टोकं थोडी ओली करून खाली टेकवली की थांबते. बसायच्या आसनांना मात्र मॅटहून चांगली.

आणि बसणंच वाढलं, कारण काका रविवारी पाऊण तास पातंजल योगसूत्रं वाचून घेतात. आठ महिन्यांत पहिल्या भागाची, म्हणजे समाधिपादाची, ५१ सूत्रं संपवून दुसऱ्या, साधनपादाच्या, अठ्ठेचाळिसाव्या सूत्रापर्यंत आलो, म्हणजे ९९. मी आधी आसनांची यादी शोधत होतो. सापडली नाही. आसनाला पतंजलींनी तीनच सूत्रं दिली आहेत, आणि पहिल्यात एवढंच की ते स्थिर आणि सुखाचं असावं. दुसऱ्यात ते कसं साधतं : प्रयत्न सैल सोडून, अनंताशी चित्त एक करून. अनंताचं मला माहीत नाही, पण सैल सोडून पाहिलं. पश्चिमोत्तानासनात ओढणं बंद केलं, श्वास सोडताना जेवढं जाईल तेवढं जाऊ दिलं. पंधरवड्यात बोटं घोट्यापर्यंत पोचली. गुडघे दुखल्याशिवाय चार मिनिटं बसवत नव्हतं, आता वीस मिनिटं बसतो.

तिसरं सूत्र आलं तेव्हा हसू आलं. आसन जमलं की द्वंद्वांचा मार लागत नाही. भाष्यात उदाहरण काय, तर थंडी आणि ऊन. मी विचारलं, काका, मॅटलाही लागू आहे का? कुणी हसलं नाही. काकांनी गीतेचा सहावा अध्याय उघडायला लावला : आसन फार उंच नको, फार खाली नको, दर्भ, त्यावर मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं, त्यावर वस्त्र. म्हणजे अंथरुणाची चिंता आपल्या आधीही लोकांनी केली होती, एवढ्यानं मला बरं वाटलं.

पाचवा मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. पाठवला नाही, पुसलाही नाही. वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत आहे.

फरशीचा पट्टा रॉकेलच्या बोळ्यानं निघाला, सांध्यातला नाही निघाला. मॅटचे चार तुकडे करून वॉशिंग मशीनच्या पायांखाली घातलेत. कपडे पिळताना मशीन मोरीच्या दारापर्यंत चालत यायची, ती आता जागची हलत नाही. पकडीबद्दल कंपनी खोटं बोलली नव्हती.